रॅगिंग झालं, तर कळवायचं कुणी? एका कायद्याचा इतिहास आणि आपलं आरोग्य

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचं विभाजन होऊन आपला गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, १५ मे १९९९ रोजी, महाराष्ट्रात रॅगिंग प्रतिबंध कायदा लागू झाला. म्हणजे आपला जिल्हा आणि हा कायदा एकाच महिन्यात जन्मलेले आहेत. जिल्ह्याचा वाढदिवस महाराष्ट्र दिनामुळे सगळ्यांच्या लक्षात राहतो. कायदा मात्र बहुतेक पालकांना एकदाच भेटतो, तोही प्रवेशाच्या वेळी सह्या करायच्या कागदांमध्ये. एक शपथपत्र मुलाचं, एक पालकाचं. आपण घाईत सही करतो आणि पुढच्या खिडकीकडे वळतो.

त्या कागदामागे पुष्कळ इतिहास आहे. आणि तो आरोग्याशी फार जवळून जोडलेला आहे. रॅगिंगचे कायदे ज्या घटनांमुळे झाले, त्यातल्या अनेक घटना वैद्यकीय महाविद्यालयांतल्याच आहेत. मार लागलेला, घाबरलेला किंवा झोप उडालेला विद्यार्थी शेवटी कुठल्या तरी डॉक्टरसमोरच येतो. म्हणून हा विषय या ब्लॉगवर.

हा इतिहास वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. 'रॅगिंग वाईट आहे' हे सांगायला कायद्याला कधीच वेळ लागला नाही. वेळ लागला तो दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठरवायला: रॅगिंग झालं, तर ते कळवायची जबाबदारी कुणाची?

दीड हजार वर्षांची जुनी खोड

रॅगिंग ही इंग्रजांनी आणलेली गोष्ट आहे असं आपण ऐकतो. शब्द खरंच तिकडचा आहे. सवय मात्र त्याहून कितीतरी जुनी. इसवी सन ५३३ मध्ये रोमन सम्राट जस्टिनियन याने कायद्याच्या शिक्षणाबद्दल एक फर्मान काढलं. त्यात कॉन्स्टँटिनोपल आणि बैरूत इथल्या विद्यार्थ्यांना ताकीद होती की शिक्षकांची, सोबत्यांची आणि विशेषतः नव्याने शिकायला आलेल्यांची हलकट थट्टा आणि छळ करायचा नाही. त्या फर्मानात आणखी एक गोष्ट होती. यावर लक्ष ठेवायचं काम कोणाचं, हेही त्याने ठरवून दिलं होतं. राजधानीत ते नगरप्रमुखाचं, बैरूतमध्ये तिथला सुभेदार, बिशप आणि कायद्याचे अध्यापक यांचं. जबाबदार माणूस ठरवल्याशिवाय मनाईला अर्थ नाही, हे तेव्हाही कळलं होतं.

अमेरिकेत याच प्रकाराला 'हेझिंग' म्हणतात. तिथे न्यू यॉर्क राज्याने १८९४ मध्येच त्याविरुद्ध कायदा केला. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे देशपातळीवर नवा कायदा झाला. त्यात भर शिक्षेपेक्षा नोंदीवर आहे: हेझिंगच्या घटनांचे आकडे आणि दोषी ठरलेल्या विद्यार्थी संघटनांची माहिती महाविद्यालयांनी जाहीर करायची. म्हणजे एकशे तीस वर्षांनी तोही देश 'करू नका' वरून 'लपवू नका' वर आला.

आपल्याकडे वसतिगृहं वाढली, वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयं वाढली, तशी ही प्रथाही रुजली. 'इंट्रो' या गोड नावाखाली ती चालायची. समर्थनही ठरलेलं असे: भीड चेपते, ओळखी होतात, पोरं घट्ट होतात. ओळख करून घेण्यात काहीच गैर नाही. पण ज्याला 'नाही' म्हणायची मुभा नसते, त्याच्यासाठी ती ओळख नसते.

एकेक मृत्यू, एकेक कायदा

नोव्हेंबर १९९६. तामिळनाडूतल्या अण्णामलाई विद्यापीठाच्या राजा मुथय्या वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असलेल्या पोन नवरसू या मुलाचा खून झाला. आरोपी सिनियर विद्यार्थी होता. राज्य हादरलं आणि १९९७ मध्ये तामिळनाडूने रॅगिंगविरोधी कायदा केला. त्या खटल्याचा प्रवासही बघण्यासारखा आहे. १९९८ मध्ये शिक्षा, २००१ मध्ये उच्च न्यायालयातून सुटका आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कायम केलेली शिक्षा. पंधरा वर्षं.

१९९७ मध्ये शेजारच्या श्रीलंकेत पेरादेनिया विद्यापीठातला वरप्रगाश हा अभियांत्रिकीचा विद्यार्थी गेला. त्याच्याकडून जबरदस्तीने प्रचंड व्यायाम करून घेतला होता आणि त्यानंतर त्याची मूत्रपिंडं निकामी झाली. १९९८ मध्ये श्रीलंकेनेही कायदा केला.

इथे थोडं थांबून यामागचं वैद्यकीय कारण समजून घेऊ, कारण 'नुसत्या उठाबशा काढायला लावल्या, त्यात काय एवढं?' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

सवय नसलेल्या माणसाने शेकडो उठाबशा किंवा जोर एका दमात काढले, तर मांड्यांचे किंवा दंडाचे स्नायू अक्षरशः फुटू लागतात. स्नायूंच्या पेशींमधला मायोग्लोबिन नावाचा लाल पदार्थ रक्तात उतरतो. मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांमध्ये तो अडकतो आणि त्यांना इजा करतो. फुटलेल्या पेशींतून पोटॅशियमही बाहेर पडतं. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. या अवस्थेला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. उन्हाळा, कमी पाणी, उपाशीपोटी असणं, यांनी धोका वाढतो.

ओळखायचं कसं? एक ते तीन दिवसांत स्नायू फार दुखतात, सुजतात, पाय उचलत नाहीत आणि लघवीचा रंग काळ्या चहासारखा किंवा कोल्ड्रिंकसारखा गडद होतो. असा रंग दिसला की घरगुती उपाय करत बसू नका आणि दुकानातून दुखण्याची गोळी आणून देऊ नका. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या मूत्रपिंडावर आणखी भार टाकतात. सरळ रुग्णालयात जा. रक्ताची सीपीके तपासणी केली की निदान होतं. वेळेवर सलाइन सुरू झालं तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. उशीर झाला तर डायलिसिसची वेळ येऊ शकते. आणि डॉक्टरांना खरं कारण सांगा. 'जिममध्ये जास्त झालं' असं सांगितलं तर उपचार होतील, पण तोच प्रकार पुढच्या आठवड्यात पुन्हा होईल.

तासन्‌तास उभं करणंही निरुपद्रवी नाही. न हलता उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, मेंदूकडे कमी जातं, माणूस कोसळतो. कोसळताना डोकं आपटलं तर दुसरीच आपत्ती. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातमधल्या पाटणजवळच्या धारपूर वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या एका अठरा वर्षांच्या मुलाला 'इंट्रो'साठी तीन तासांहून अधिक वेळ उभं केल्याचा आरोप झाला. तो कोसळला आणि त्याचा मृत्यू झाला. पंधरा सिनियर विद्यार्थ्यांवर गुन्हा दाखल झाला. मारहाण झाल्याचा आरोप त्यात नव्हता. जे झालं ते अनेकजण आजही 'साधं' रॅगिंग म्हणतील.

१९९९: महाराष्ट्राचा कायदा काय म्हणतो?

आता आपल्या कायद्याकडे येऊ. तो छोटा आहे, जेमतेम आठ कलमांचा. त्याची व्याख्या मात्र मोठी आहे. विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, भीती, लाज किंवा संकोच वाटेल, असं कोणतंही वर्तन रॅगिंगमध्ये येतं. चिडवणं, शिवीगाळ, धमकी, चेष्टा आणि एखादा विद्यार्थी एरवी आपणहून करणार नाही अशी गोष्ट त्याला करायला लावणं, हे सगळं त्यात आहे. म्हणजे अंगाला हात न लावताही रॅगिंग होतं, हे १९९९ पासून कायद्यात लिहिलेलं आहे.

जागेची व्याख्याही रुंद आहे. महाविद्यालय तर आहेच, शिवाय वसतिगृह, बोर्डिंग, अनाथाश्रम आणि शिकवणी वर्गही त्यात येतात. आणि मनाई संस्थेच्या आत जितकी, तितकीच बाहेरही. चहाच्या टपरीवर किंवा भाड्याच्या खोलीवर झालेलं रॅगिंग हेही रॅगिंगच.

शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला संस्थेतून काढलं जातं आणि पाच वर्षं दुसऱ्या कोणत्याही शिक्षण संस्थेत प्रवेश मिळत नाही.

पण मला या कायद्यातली सगळ्यात महत्त्वाची वाटतात ती कलमं सहा आणि सात. विद्यार्थी, आईवडील, पालक किंवा शिक्षक यांपैकी कुणीही लेखी तक्रार दिली, की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार लगेच पोलीस ठाण्याकडे पाठवायची. तथ्य नसेल तर तक्रारदाराला तसं लेखी कळवायचं. आणि प्रमुखाने यात टाळाटाळ केली तर? तर त्यानेच गुन्ह्याला साथ दिली असं कायदा मानतो आणि दोषी ठरल्यास त्यालाही तीच शिक्षा. प्राचार्यांनी 'बघू, मिटवून टाकू' म्हणणं हाच गुन्हा ठरू शकतो, हे आपल्या राज्याने पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलं.

एक कमकुवत दुवा मात्र राहिला. सगळी यंत्रणा हलायची ती लेखी तक्रारीनंतर. आणि घाबरलेला मुलगा किंवा मुलगी जी एक गोष्ट करत नाही, ती म्हणजे लेखी तक्रार.

न्यायालयांनी भूमिका कशी बदलली

४ मे २००१ रोजी विश्व जागृती मिशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. प्रवेशाच्या माहितीपत्रकात रॅगिंगबंदी लिहा, विद्यार्थी-पालकांकडून हमी घ्या, वसतिगृहांवर लक्ष ठेवा, असं त्यात होतं. सूर मात्र सौम्य होता. अगदी अटळ असल्याशिवाय विद्यार्थ्यांवर पोलीस कारवाई होऊ नये, संस्थेने घरातल्या वडीलधाऱ्यासारखं सांभाळावं, अशी अपेक्षा होती.

ती अपेक्षा पूर्ण झाली नाही. सीबीआयचे माजी संचालक आर. के. राघवन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या अहवालानंतर १६ मे २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा सूर पार बदललेला दिसतो. पीडित विद्यार्थी, त्याचे पालक किंवा संस्थाप्रमुख यांचं संस्थेतल्या कारवाईने समाधान झालं नाही, तर संस्थेने अपवाद न करता पोलिसांत एफआयआर द्यायचा. उशीर किंवा कुचराई म्हणजे संस्थेचा दोषपात्र निष्काळजीपणा. पालकांनी स्वतः एफआयआर दिला तरी संस्थेची जबाबदारी संपत नाही.

त्यानंतर दोन वर्षांच्या आत, ८ मार्च २००९ रोजी, हिमाचल प्रदेशातल्या टांडा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन कचरू हा एकोणीस वर्षांचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सिनियरांच्या मारहाणीनंतर मरण पावला. २०१० मध्ये चौघांना चार वर्षांची शिक्षा झाली. अमनचे वडील राजेंद्र कचरू यांनी नंतरची अनेक वर्षं याच कामाला वाहून घेतली. आज देशभर चालणारी रॅगिंगविरोधी हेल्पलाइन त्या २००९ सालचीच.

२००९: कळवणं सगळ्यांचंच काम

जून २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, रॅगिंग रोखण्याची नियमावली काढली. वैद्यकीय महाविद्यालयांसाठी मेडिकल कौन्सिलची नियमावलीही त्याच वर्षी आली. तिची जागा पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमावलीने घेतली.

यूजीसीच्या नियमांत कळवण्याच्या जबाबदारीची साखळी नीट बांधलेली दिसते.

संस्थाप्रमुख: अँटी-रॅगिंग पथकाची शिफारस किंवा घटनेची कोणतीही माहिती मिळाली, की त्यात गुन्हा आहे का ते लगेच तपासायचं आणि असल्यास चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे एफआयआर द्यायचा. पोलीस तपासाची वाट न बघता संस्थेची स्वतःची चौकशी सात दिवसांत संपवायची. इथे १९९९ च्या कायद्यातला 'लेखी तक्रार' हा उंबरठा उतरला. माहिती पुरेशी झाली.

कर्मचारी: शिक्षक, लिपिक, कँटीन-मेसमधली माणसं, पहारेकरी, सफाई कामगार, कंत्राटीसुद्धा, या सगळ्यांकडून लेखी हमी घ्यायची की रॅगिंग दिसलं तर ते ताबडतोब कळवतील. पोळ्या लाटणाऱ्या मावशी आणि गेटवरचे काका रात्री काय चालतं ते बघत असतात. नियमाने त्यांना साक्षीदार मानलं, ही मोठी गोष्ट आहे.

सोबतचे विद्यार्थी: स्वतःवर बेतलं असेल तर किंवा दुसऱ्यावर बेतताना पाहिलं असेल तर कळवा. कळवणाऱ्याची ओळख जपली जाईल आणि केवळ कळवलं म्हणून त्याला त्रास होऊ द्यायचा नाही, असं नियमच सांगतो.

संस्था: स्वतःहून विचारत राहायचं. पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी नव्या विद्यार्थ्यांची निनावी पाहणी घ्यायची. अँटी-रॅगिंग समितीत पोलीस, प्रशासन, स्थानिक पत्रकार, पालक, नवे आणि जुने विद्यार्थी असे प्रतिनिधी असायला हवेत.

शिक्षेची यादी निलंबनापासून शिष्यवृत्ती थांबवणं, परीक्षेला न बसू देणं, वसतिगृहातून काढणं ते कायमचं काढून टाकणं इथपर्यंत जाते. कोणी केलं ते कळूच दिलं नाही, तर सामूहिक शिक्षेचीही तरतूद आहे.

२०१६ मध्ये एक दुरुस्ती झाली. ती आपल्या भागातल्या मुलांसाठी खास महत्त्वाची आहे. जात, धर्म, रंग, लिंग, दिसणं, प्रदेश, भाषा, जन्मस्थान, राहण्याचं ठिकाण किंवा आर्थिक स्थिती यांवरून केलेला शारीरिक-मानसिक छळ हाही रॅगिंगच, असं त्यात स्पष्ट केलं गेलं. सालेकसा-देवरीकडची गोंडी बोलणारी मुलगी, तिरोड्याचा पोवारी बोलणारा मुलगा, अर्जुनी मोरगावची झाडीबोली ज्याच्या तोंडात आहे असा पोरगा पुण्यात गेला आणि त्याच्या बोलण्याची रोज नक्कल झाली, तर 'एवढं काय मनावर घेतोस' हे त्यावरचं उत्तर नाही.

नियम असूनही: २०१९

२२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला. त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. जळगावकडच्या आदिवासी तडवी भिल्ल समाजातल्या. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर आत्महत्येस प्रवृत्त करणं, अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा आणि आपला १९९९ चा रॅगिंग प्रतिबंध कायदा, या अन्वये आरोप झाले. त्यांचा दोष-निर्दोष न्यायालयच ठरवेल.

पण त्या दिवसांत वर्तमानपत्रांत आलेल्या दोन विधानांकडे बघा. कुटुंबाचं म्हणणं होतं की आम्ही त्रासाबद्दल आधीच सांगितलं होतं. प्रशासनाचं म्हणणं होतं की लेखी तक्रार आली नव्हती. म्हणजे लेखी तक्रारीचा उंबरठा नियमात उतरून दहा वर्षं झाली, तरी व्यवहारात तो तसाच उभा होता. कागदावर 'माहिती' पुरेशी आहे. प्रत्यक्षात आजही अनेक ठिकाणी 'अर्ज द्या, मग बघतो' असंच ऐकू येतं.

उलट उदाहरणही जवळचंच आहे. २०२२ च्या अखेरीस नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या रॅगिंगचा एक व्हिडिओ केंद्रीय अँटी-रॅगिंग यंत्रणेपर्यंत पोहोचला आणि सहा इंटर्नवर कारवाई होऊन पोलिसांत गुन्हा दाखल झाला. घटना आधीच घडून गेली होती. कुणीतरी कळवलं, तेव्हा चाकं फिरली.

आपल्या घरातलं काय?

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. केटीएस आणि बाई गंगाबाई रुग्णालयांत त्याचे विद्यार्थी तुम्हाला दिसतात. अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालयंही आहेत. बाहेरची मुलं आपल्याकडे येतात आणि आपली मुलं विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला, महाराष्ट्र एक्सप्रेसने पुणे-कोल्हापूरकडे जातात. घर आणि वसतिगृह यांच्यात उरतो तो फक्त फोन.

त्या फोनवर मुलं 'रॅगिंग होतंय' असं सहसा म्हणत नाहीत. कारणं साधी असतात. बाबांनी कर्ज काढलंय, आई काळजी करेल, परत बोलावतील, सिनियर परीक्षेत त्रास देतील, 'भित्रा' म्हणतील. मग त्रास शरीरातून बोलतो. पोट दुखतं, डोकं दुखतं, छातीत धडधडतं, झोप लागत नाही, जेवण जात नाही. सुट्टी संपून निघायच्या आदल्या दिवशी उलट्या होतात. तपासण्या केल्या की सगळ्या नॉर्मल येतात. हे नाटक नसतं. सतत भीतीत राहिलेल्या शरीराची ती खरी प्रतिक्रिया असते. पुढे त्यातून नैराश्य, दचकून जागं होणं, तीच घटना पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं, अशा तक्रारी उभ्या राहू शकतात. उपचारांनी त्या बऱ्या होतात, पण त्रास चालू असताना नुसत्या गोळ्या पुरत नाहीत. आधी त्रास थांबायला हवा.

म्हणून 'सगळं ठीक ना?' असं विचारू नका, त्याचं उत्तर 'हो' असंच येतं. 'रात्री जेवण झाल्यावर तुम्ही पोरं काय करता?', 'सिनियर खोलीवर बोलावतात का?', 'कोणाला त्रास होताना पाहिलंस का?' असे प्रश्न विचारा. दुसऱ्याबद्दल सांगता सांगता मुलं स्वतःचं सांगतात.

आणि मूल बोललं, तर हे करा:

१. आधी ऐका. 'तू उलट उत्तर का नाही दिलंस?' हा प्रश्न टाळा.

२. मार लागला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कानाखाली मारल्यावर ऐकू कमी येणं, कानात आवाज येणं, रक्त किंवा पाणी येणं हे पडदा फाटल्याचं लक्षण असू शकतं. डोक्याला मार लागल्यावर उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटका, असंबद्ध बोलणं यांपैकी काहीही दिसलं तर रात्र काढू नका. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात मारहाणीची जखम सांगितली की एमएलसी नोंद होते आणि पोलिसांना कळवलं जातं. तो कागद पुढे फार कामाला येतो.

३. मेसेज, फोटो, तारखा, वेळ, हजर असलेल्यांची नावं, हे सगळं एका ठिकाणी लिहून ठेवा.

४. प्राचार्य किंवा अधिष्ठाता यांना लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. माहिती पुरेशी असली तरी कागद दिलेला बरा. त्या तारखेपासून १९९९ च्या कायद्यातले सात दिवस मोजले जातात.

५. राष्ट्रीय अँटी-रॅगिंग हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ वर फोन करा. ती मोफत आहे आणि चोवीस तास चालते.

६. पोलिसांकडे थेट जाता येतं. दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. मूल मुंबईत असेल आणि तुम्ही आमगावात, तरी तिथल्या ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवून तो पुढे पाठवला जातो.

७. मूल 'जगण्यात अर्थ नाही' असं काही बोललं तर त्याला एकटं सोडू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. मानसोपचारतज्ज्ञाकडे झालेलं बोलणं गोपनीय राहतं, हा रुग्णाचा कायदेशीर हक्क आहे.

एक शब्द सिनियर मुलांच्या आईवडिलांसाठीही. तुमचा मुलगा दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाला असेल, तर त्याच्याशीही बोला. 'आमच्यावर झालं म्हणून आम्ही करतो' या एका वाक्यावर ही साखळी चालते. एका रात्रीच्या गमतीसाठी पाच वर्षांचं शिक्षण जाऊ शकतं, आणि समोरच्याचं त्याहून कितीतरी जास्त. शिवाय तो नुसता उभा राहून बघत असेल, तरी त्याने कळवायला हवं होतं, असा प्रश्न त्यालाही विचारला जाणारच.

जस्टिनियनने ते काम सुभेदाराकडे आणि अध्यापकांकडे दिलं होतं. महाराष्ट्राने १९९९ मध्ये संस्थाप्रमुखाकडे दिलं. २००९ मध्ये ते मेसच्या मावशींपासून शेजारच्या खाटेवरच्या मुलापर्यंत पोहोचलं. कायद्याने आपल्या बाजूने एवढं केलेलं आहे. यंदा घरात कुणाचा प्रवेश असेल, तर शपथपत्रावर सही करण्याआधी दोघांनी मिळून ते एकदा वाचा आणि हेल्पलाइनचा क्रमांक मुलाच्या फोनमध्ये तिथेच सेव्ह करून द्या.